वाचकांचे प्रश्न : मागच्या ॲक्सलचे शाफ्ट बदलताना

जुन्या गाड्यांच्या पुनर्बांधणीवरील या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी मागच्या ॲक्सलच्या शाफ्टसंबंधीची, म्हणजे मागची चाके फिरवणाऱ्या दांड्यांसंबंधीची, पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. इंजिन आणि पत्राकाम यांवर महिनोन्‌महिने घालवणारी मंडळी ॲक्सलकडे मात्र ‘फिरतोय ना, मग ठीक आहे’ एवढ्याच नजरेने पाहतात, हे पत्रे वाचताना जाणवले आणि त्याची काळजीही वाटली; कारण अनेक जुन्या गाड्यांत हा शाफ्ट बाहेरच्या टोकाशी तुटणे म्हणजे धावत्या गाडीचे चाक सुटणे असते. म्हणून पहिले उत्तर थोडे लांबले आहे.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझ्याकडे १९६०च्या दशकातील, मागच्या चाकांना गती मिळणारी सलून गाडी आहे. रंगकाम पूर्ण झाल्यावर पहिल्याच चढावर क्लच सोडताना ‘टक्’ असा आवाज आला. इंजिन चालू, गिअर पडलेला, पण गाडी जागची हलेना. उघडून पाहिले तेव्हा डावा शाफ्ट आतल्या बाजूला, दाते सुरू होतात तिथे तुटलेला निघाला. उजवा शाफ्ट दिसायला उत्तम आहे. एकच बदलला तर चालेल का? एका स्नेह्यांकडे याच मॉडेलचा वापरलेला उजवा शाफ्ट आहे. लांबी दोन्हीकडे सारखीच असल्याने तो डावीकडे बसवावा काय?

उत्तर : दोन्ही शाफ्ट नवे घाला, आणि उजवीकडे चाललेला शाफ्ट डावीकडे बसवू नका. कारणे सांगतो, पण त्याआधी एक विनंती. तुटलेले तुकडे भंगारात टाकले नसतील तर ते डिझेलने धुऊन, कोरडे करून, भरपूर उजेडात भिंगाखाली धरा. तुटलेली दोन्ही तोंडे एकमेकांवर टेकवून जुळवून पाहण्याचा मोह आवरा, कारण घासली की त्यांच्यावरच्या खुणा पुसल्या जातात, आणि त्या खुणा हाच आपल्या हातातला एकमेव पुरावा आहे.

पोलाद दोन तऱ्हांनी तुटते. एकाच जबर झटक्याने तुटले असेल तर तुटीचे संपूर्ण तोंड एकाच वेळचे, स्वच्छ आणि ताजे दिसते. बहुधा शेजारचे दातेही पिळवटलेले असतात. थकून तुटले असेल तर चित्र वेगळे असते. कडेच्या एखाद्या बिंदूपासून, सहसा दात्याच्या मुळापासून, शिंपल्यावर असतात तशा एकामागोमाग एक कमानी आत सरकत गेलेल्या दिसतात. तेवढा भाग घासून गुळगुळीत झालेला आणि तेलाने किंवा गंजाने काळपट-तपकिरी पडलेला असतो. उरलेला भाग खरखरीत, दाणेदार आणि चकचकीत असतो. माझ्या टेबलावर असा एक तुकडा ठेवलेला आहे. त्याच्या गोल तोंडाचा निम्म्याहून अधिक भाग तपकिरी आहे आणि चकचकीत भाग केवळ अर्धचंद्राएवढा उरला आहे. ज्या दिवशी तो तुटला त्या दिवशी गाडीचा भार फक्त त्या अर्धचंद्रावर होता. चीर त्याच्या कितीतरी आधीपासून वाढत होती, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ती दाते आणि तेल यांच्या आड दिसणे शक्यच नव्हते.

आपल्या पत्रातील वर्णनावरून हे थकव्याचेच लक्षण वाटते, कारण साध्या चढावर क्लच सोडल्याने निरोगी शाफ्ट तुटत नाही. आता उजव्या शाफ्टचा विचार करा. साध्या डिफरन्शियलची (दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या मधल्या गिअरसंचाची) रचनाच अशी असते की दोन्ही शाफ्टना मिळणारा पीळ जवळजवळ समान राहतो; एक चाक मातीत घसरत असले तरी दुसऱ्याला तेवढाच मिळतो. म्हणजे आपला डावा शाफ्ट जितक्या वेळा पिळला गेला, तितक्याच वेळा आणि जवळपास तितक्याच जोराने उजवाही पिळला गेला आहे. दोघांचे वय एक, पोलाद एक आणि श्रमही एकच. डावा गेला याचा अर्थ उजवा ठणठणीत आहे असा होत नाही. त्याची पाळी अजून आलेली नाही, एवढाच होतो.

बाजू बदलण्याविषयी. गाडी पुढे जाताना डावा आणि उजवा शाफ्ट, प्रत्येकाच्या बाहेरच्या टोकाकडून पाहिले तर, परस्परविरुद्ध दिशांना पिळले जातात. वर्षानुवर्षे एकाच दिशेचा पीळ सोसून पोलादात त्या दिशेचा ताण मुरतो. असा शाफ्ट दुसऱ्या बाजूला गेला की मुरलेला ताण आणि नवा पीळ एकमेकांना मदत करू लागतात, आणि कुठे सूक्ष्म चीर असेल तर तिला नव्याने जोर मिळतो. टॉर्शन बारवर (पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणाऱ्या सळईवर) डावा-उजवा अशी खूण केलेली असते ती याच कारणासाठी. दोन्ही शाफ्टची लांबी सारखी आहे म्हणून ते अदलाबदल करण्याजोगे आहेत असे समजू नये.

नवा शाफ्ट मिळेपर्यंत जुन्याची तपासणी करायची असेल तर बेअरिंग उतरवून पूर्ण शाफ्ट उघडा करा. दात्यांच्या ओळीवर पोलादी पट्टी शाफ्टच्या लांबीला समांतर धरा. दाते पट्टीला सोडून तिरके जात असतील तर शाफ्ट पिळला आहे, पुढची तपासणी नको. सरळ असतील तर लाल रंग शोषवून चिरा शोधण्याची पद्धत वापरा : पृष्ठभाग अगदी स्वच्छ करून रंग फवारायचा, दहा ते वीस मिनिटे मुरू द्यायचा, फडक्याने पुसायचा आणि वर पांढरा डेव्हलपर फवारायचा. चीर असेल तर पांढऱ्यावर केसासारखी लाल रेघ उमटते. ज्यांना शक्य असेल त्यांनी चुंबकीय कणांची चाचणी करून घ्यावी, ती याहून बारीक दोष दाखवते. मात्र नंतर शाफ्टचे चुंबकत्व घालवायला सांगावे, नाहीतर लोखंडाचा कीस बेअरिंगपाशी गोळा होत राहतो. चाचणीत रेघ दिसली नाही तरी शाफ्टचे किती आयुष्य खर्च झाले आहे हे कोणतीही चाचणी सांगत नाही, आणि म्हणूनच माझा आग्रह जोडी बदलण्याचा आहे.

प्रश्न : सेमी-फ्लोटिंग, फुल-फ्लोटिंग असे शब्द वाचनात येतात. शाफ्ट बदलणाऱ्याला त्यांतला भेद माहीत असणे आवश्यक आहे का?

उत्तर : पाना हातात घेण्याआधी माहीत असायला हवी अशी ही गोष्ट आहे, कारण शाफ्ट तुटल्यावर काय होईल हे त्यावर ठरते. गाडीचे वजन कोण पेलते, हा प्रश्न विचारला की सगळे उलगडते. फुल-फ्लोटिंगमध्ये हब, म्हणजे चाक ज्यावर बसते तो मधला भाग, दोन बेअरिंगांवर, ॲक्सलच्या नळीवर बसलेला असतो. वजन नळी पेलते आणि शाफ्टचे काम फक्त चाक फिरवण्याचे. सीरीज टू आणि सीरीज थ्री लँड रोव्हरमध्ये अशी रचना आहे, आणि तिथे गाडी न उचलताही शाफ्ट बाहेर ओढता येतो. सेमी-फ्लोटिंगमध्ये बेअरिंग नळीच्या आत, शाफ्टवर असते. चाक थेट शाफ्टला जोडलेले असल्याने शाफ्ट पीळही सोसतो आणि वजनाने येणारा बाकही सोसतो, आणि हा बाक चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला उलटसुलट होत राहतो. या दोहोंच्या मधली थ्री-क्वार्टर रचना मॉरिस मायनर किंवा फोर्ड मॉडेल एमध्ये दिसते : एकच बेअरिंग, पण ते नळीच्या बाहेरच्या अंगाला, हबच्या आत.

सेमी-फ्लोटिंगमध्येही शाफ्ट आत कसा धरून ठेवला आहे ते पाहावे. १९५७ साली आलेल्या फोर्डच्या नऊ इंची ॲक्सलमध्ये बेअरिंगशेजारची पोलादी कडी आणि नळीच्या तोंडावर बोल्टने आवळलेली पट्टी मिळून शाफ्ट धरतात. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धातील अनेक शेव्हरोले गाड्यांत मात्र शाफ्टच्या आतल्या टोकाला खाचेत बसवलेली इंग्रजी सी अक्षरासारखी क्लिप असते. अशा ॲक्सलमध्ये शाफ्ट मध्ये कुठेही तुटला की बाहेरच्या तुकड्याला धरणारे काहीच उरत नाही, आणि चाक, ड्रम व तुकडा एकत्र बाहेर सरकतात. आपली गाडी या जातीची असेल तर शंकास्पद शाफ्टवर एक फेरीही मारू नये.

प्रश्न : माझ्या १९५०च्या दशकातील अमेरिकन गाडीचा मागचा हब शाफ्टच्या निमुळत्या टोकावर चावीने (खाचेत बसणाऱ्या पोलादी तुकड्याने) बसवलेला आहे. तीन पायांचा पुलर लावला तर ड्रमची कड वाकू लागली. घणाचे ठोके द्यावेत असा सल्ला मिळाला आहे. द्यावेत का?

उत्तर : देऊ नयेत. शाफ्टच्या टोकावर बसलेला ठोका तिथेच थांबत नाही. तो शाफ्टमधून आत जाऊन मधल्या थ्रस्ट ब्लॉकवर (दोन्ही शाफ्टच्या आतल्या टोकांमधल्या ठोकळ्यावर) आणि तिथून पलीकडच्या बाजूच्या बेअरिंगवर आदळतो. आटे चेपले तर दिसतात तरी. बेअरिंगच्या रिंगमध्ये रोलरांनी पाडलेले खळगे महिनाभराने घरघर सुरू झाल्यावरच कळतात.

या हबसाठी चाकाच्या बोल्टांना धरणारा जाड पोलादी पुलर लागतो. तो ड्रमच्या कडेला नव्हे, हबलाच पकडतो. आधी कॉटर पिन काढा, मोठा नट दोन-तीन आटे सैल करा, पण तो पूर्ण काढू नका. नट जागेवर ठेवणे फार महत्त्वाचे आहे, कारण असा हब हळूहळू सरकत नाही. तो बंदुकीच्या बारासारखा आवाज करून एकदम सुटतो, आणि समोर नट नसेल तर ड्रमसह अंगावर येतो. पुलर आवळा, थांबा, पुन्हा थोडा आवळा. तरीही सुटत नसेल तर ताण तसाच ठेवून रात्रभर जाऊ द्या. सकाळी हब सुटून नटाला टेकलेला आढळला, असे मी स्वतः अनुभवले आहे, आणि या कामात घाईपेक्षा रात्र अधिक उपयोगी पडते. गॅसची ज्योत मात्र टाळा; ती ऑइल सील जाळते आणि शाफ्टला दिलेले पाणी उतरवते.

हब निघाल्यावर निमुळत्या भागाकडे नीट पाहा. तिथे लालसर तपकिरी पूड दिसली तर हब आणि शाफ्ट एकमेकांवर सूक्ष्म घासत होते. पुष्कळांचा समज असा की चाक चावी फिरवते. वस्तुतः पीळ वाहून नेते ती दोन निमुळत्या पृष्ठभागांची घट्ट मिठी. चावी ही केवळ जोडीला असते. मिठी सैल झाली की सगळा भार चावीवर आणि तिच्या खाचेच्या टोकदार कोपऱ्यांवर येतो, आणि अशा शाफ्टमध्ये पहिली चीर तिथेच पडते. नवा शाफ्ट घालताना निळा रंग अगदी पातळ लावून हब बसवून काढा. रंग निमुळत्या भागाच्या बहुतेक लांबी-रुंदीवर सारखा उमटायला हवा. केवळ एका टोकाला कडे उमटले तर तो हब त्या शाफ्टवर वापरू नये. बसवताना दोन्ही पृष्ठभाग कोरडे असावेत, ग्रीस नको. नट मॅन्युअलमधील मापाने टॉर्क पान्याने आवळा, आणि कॉटर पिनचे भोक जुळत नसेल तर नट पुढे नेऊन जुळवा, मागे घेऊन कधीही नाही.

एक सूचना याच संदर्भात. काही जुन्या क्रायस्लर गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात. नट सुटत नाही म्हणून पाइप लावून जोर करण्यापूर्वी बोल्टच्या टोकावर उलट्या आट्यांची खूण कोरलेली आहे का, ते पाहावे.

प्रश्न : नवीन शाफ्टवर बेअरिंग आणि त्याची कडी दाबून बसवायची आहे. वर्कशॉपमध्ये काय सांगावे?

उत्तर : शक्यतो स्वतः हजर राहावे. जुनी कडी काढताना ती गॅसने कापू देऊ नका. कडीत आरपार न जाणारे, साधारण तीनचतुर्थांश जाडीचे भोक पाडायचे आणि त्यावर छिन्नी धरून एक दणका द्यायचा. कडी तडकते आणि हाताने निघते. ड्रिलचे टोक शाफ्टला लागता कामा नये. जुने बेअरिंग प्रेसखाली काढताना त्यावर जाड गोणपाट गुंडाळावे आणि समोर कोणी उभे राहू नये, कारण कडक पोलादाची रिंग काचेसारखी फुटते.

नवे बसवताना क्रम महत्त्वाचा आहे. आधी नळीच्या तोंडावरची पट्टी शाफ्टवर ओवायची, रचनेनुसार सीलही, मग बेअरिंग, मग कडी. पूर्वी एकदा गप्पांच्या नादात पट्टी ओवायची राहिली आणि कडी बसल्यानंतर ती समोरच्या बाकावर पडलेली दिसली. नवे कोरे बेअरिंग आणि कडी दोन्ही फोडून काढावी लागली. तेव्हापासून मी पट्टीला शाफ्टच्या फ्लँजशी तारेने बांधूनच तो वर्कशॉपला नेतो.

दाब नेहमी बेअरिंगच्या आतल्या रिंगवर द्यावा, बाहेरच्या रिंगवर दिला तर तो गोळ्यांमधून जातो. बेअरिंग आणि कडी एकाच दाबात बसवू नयेत. आधी बेअरिंग खांद्याला भिडू द्यावे, मग कडी बेअरिंगला. कडी बसताना प्रेसच्या हँडलला चांगला जोर लागला पाहिजे. ती सहज घसरत गेली तर माप चुकले आहे, आणि अशा वेळी कडीला वेल्डिंगचे ठिपके देण्याचा उपाय सुचवला जातो, तो ठामपणे नाकारावा. ज्या ॲक्सलमध्ये शाफ्टची आत-बाहेर होणारी हालचाल शिमने (पातळ पत्र्याच्या चकत्यांनी) जुळवायची असते, तिथे डायल गेज लावून मॅन्युअलमधील माप मिळेपर्यंत शिम बदलावे लागतात. हे अंदाजाने होत नाही.

प्रश्न : तुटलेल्या शाफ्टचा आतला तुकडा डिफरन्शियलमध्येच राहिला आहे. पूर्ण ॲक्सल न उतरवता तो काढता येईल का?

उत्तर : पुष्कळदा येतो. पातळ तारेचा फास करून लांब काठीच्या टोकाने तो तुकड्यावर चढवता येतो. तुकड्याचा पुरेसा भाग बाहेर असेल तर आतून किंचित निमुळती केलेली नळी त्यावर ठोकून अडकवता येते. दुसऱ्या बाजूचा शाफ्ट काढून लांब सळईने तुकडा ढकलण्याची युक्तीही आहे, पण अनेक डिफरन्शियलमध्ये मधली आडवी पिन सळईच्या वाटेत येते. काहीही केले तरी तुकडा निघाला म्हणजे काम झाले असे समजू नका. शाफ्ट तुटताना पोलादाचे कण तेलात पडलेले असतात, आणि ते क्राउन-पिनियनच्या, म्हणजे ॲक्सलमधल्या मुख्य गिअरजोडीच्या, दातांत जातात. झाकण किंवा डिफरन्शियलचा गोळा उघडा, तेल काढा, तळ चुंबकाने आणि फडक्याने पुसून घ्या. त्याच वेळी नव्या शाफ्टचे दाते साइड गिअरमध्ये घालून हाताने मागेपुढे फिरवून पाहा. बराच खेळ जाणवला तर साइड गिअरही झिजलेले आहेत, आणि नवा शाफ्ट त्यांच्यात लवकरच झिजेल.

प्रश्न : मूळ इंजिनऐवजी दीडपट टॉर्कचे इंजिन बसवत आहे. शाफ्ट स्थानिक लेथवर जाड करून बनवून घेतले तर पुरेसे होईल का? कोणते पोलाद सांगावे?

उत्तर : आधी हिशेब मांडू. मूळ इंजिनचा टॉर्क १०० न्यूटन-मीटर, पहिला गिअर ३.६ आणि मागच्या क्राउन-पिनियनचे प्रमाण ४.५ धरले, तर चाकांकडे १०० × ३.६ × ४.५ म्हणजे १६२० न्यूटन-मीटर जातात, आणि प्रत्येक शाफ्टच्या वाट्याला ८१० येतात. १५० न्यूटन-मीटरच्या इंजिनाने हेच १२१५ होतात. डिफरन्शियल लॉक होणारे असेल तर एक चाक अधांतरी असताना जवळजवळ सगळा पीळ एकाच शाफ्टवर जाऊ शकतो. क्लच झटक्यात सोडला तर आकडा आणखी वाढतो.

पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे २८ मिलिमीटरचा शाफ्ट ३१ मिलिमीटरचा केला की व्यास जेमतेम ११ टक्के वाढतो, पण ताकद सुमारे ३६ टक्के वाढते. हे वाचून मधला दांडा जाड करण्याची इच्छा होईल, पण तिथे एक गफलत आहे. शाफ्टची ताकद त्याच्या सर्वांत नाजूक जागी मोजायची असते, आणि ती बहुधा दात्यांच्या मुळाशी असते. मधला भाग जाड आणि दाते तेवढेच राहिले तर सगळा पीळ त्या थोड्याशा लांबीत एकवटतो. म्हणून उत्तम शाफ्टचा मधला भाग अनेकदा दात्यांच्या मुळापेक्षा किंचित बारीक ठेवलेला असतो, की ज्यायोगे पीळ संपूर्ण लांबीवर वाटला जावा. खरी वाढ हवी असेल तर दात्यांसकट मोठा शाफ्ट आणि त्याला जुळणारे साइड गिअर घ्यावे लागतात. फोर्डच्या नऊ इंची ॲक्सलमध्ये २८ आणि ३१ दात्यांचे शाफ्ट होते, ते याच हेतूने.

पोलादाचे म्हणाल तर ईएन २४ हे निकेल-क्रोमियम-मॉलिब्डेनमचे पोलाद या कामासाठी बरीच वर्षे विश्वासाने वापरले जाते. मात्र नावापेक्षा त्याची उष्णता-प्रक्रिया महत्त्वाची. तोच शाफ्ट पाणी न देता बसवला तर मऊ पडून पिळतो; अती कडक केला तर ठिसूळ होऊन तुटतो. कडकपणाचे मोजमाप केलेले प्रमाणपत्र जो कारखाना देत नाही, त्याच्याकडून शाफ्ट करून घेऊ नये.

लेथवाल्याला आणखी एक गोष्ट कागदावर काढून द्या. व्यास जिथे बदलतो, म्हणजे बेअरिंगच्या खांद्यापाशी, तिथे कोपरा काटकोनी नको, गोलसर वळण हवे, आणि ते बेअरिंगच्या रिंगेच्या गोलाईपेक्षा मोठे नको, नाहीतर बेअरिंग खांद्याला टेकणार नाही. जुन्या शाफ्टवरून नक्कल करताना अणकुचीदार टूलने हा कोपरा सरळ कापला जातो. डोळ्यांना ते सुबक दिसते आणि चीर तिथूनच सुरू होते. हाच नियम ओरखड्यांना लागू आहे. शाफ्टच्या अंगावर पंचने आकडे ठोकू नका, तो पाइप पान्यात धरू नका, कानस मारू नका. खूण करायची तर रंगाने करा.

लांबीही तपासा. पिनियन मधोमध नसल्याने अनेक गाड्यांत डावा आणि उजवा शाफ्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. दात्यांच्या टोकाला ग्रीसचा ठिपका लावून शाफ्ट पूर्ण बसवा आणि बाहेर काढा. ग्रीस चेपले गेले असेल तर शाफ्ट आत टेकतो आहे आणि बेअरिंगवर कायमचा दाब राहील. दाते साइड गिअरमध्ये पूर्ण रुंदीभर शिरले की नाही, हे दात्यांवरील पुसट खुणेवरून कळते.

प्रश्न : तुटलेला शाफ्ट चांगल्या वेल्डरकडून जोडून घेतला तर तात्पुरते चालेल का?

उत्तर : नाही. वेल्डच्या दोन्ही बाजूंना पोलादाचे गुण बदलतात आणि तिथे कडक-ठिसूळ पट्टा तयार होतो. गाडी उभी ठेवा.

प्रश्न : शाफ्ट, बेअरिंग, सील, सगळे नवे बसवले. तरी महिन्याभरात ब्रेक ड्रममध्ये तेल आले. सील पुन्हा बदलले, पुन्हा तेच. चूक कुठे होत असावी?

उत्तर : सीलला दोष देण्यापूर्वी ॲक्सलच्या नळीवरचा ब्रीदर पाहा. तो बोटाच्या पेराएवढा भाग रंग, माती आणि जुन्या ग्रीसने बुजलेला असतो, आणि पुनर्बांधणीत ॲक्सल रंगवताना तर तो हमखास बुजतो. गाडी चालली की तेल आणि हवा तापते, हवेला वाट मिळत नाही, आणि तिचा दाब तेलाला सीलच्या ओठाबाहेर ढकलतो. बारीक तार घालून ब्रीदर मोकळा करा, फुंकून पाहा. त्याचबरोबर तेलाची पातळी बघा. गाडी सपाटीवर असताना भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंतच तेल हवे.

तरीही गळती राहिली तर शाफ्टवर जिथे सीलचा ओठ टेकतो तिथून नख फिरवा. नख अडकले तर तिथे खाच पडली आहे. सील किंचित पुढेमागे बसवून ओठाला नवी जागा देता येते, किंवा पातळ पोलादी बाही चढवता येते. सीलची स्प्रिंग तेलाच्या बाजूला असावी, आणि बसवताना ओठाला तेल लावावे. कोरडा ओठ पहिल्या काही फेऱ्यांतच जळतो. तेलाने भिजलेले ब्रेक लायनिंग धुऊन वापरू नका, बदला. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते, म्हणून ड्रममधली पूड कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. ओल्या फडक्याने टिपून पिशवीत बंद करा.

प्रश्न : स्वतः घरी काम करताना आणि नंतर गाडी रस्त्यावर काढताना कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : शाफ्ट बाहेर काढला की गिअरमध्ये ठेवलेली गाडीही थांबून राहत नाही, आणि ड्रम उतरवल्याने हँडब्रेकही गेलेला असतो. ही गोष्ट अनुभवी माणसांच्याही ध्यानातून सुटते. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी अडणी लावा आणि ॲक्सलच्या नळीखाली भक्कम घोड्या ठेवा. केवळ जॅकवर विसंबून गाडीखाली हातही घालू नका.

हायपॉइड (पिनियन क्राउनच्या मध्यरेषेपासून बाजूला बसवलेल्या) क्राउन-पिनियनला मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचे हायपॉइड तेल भरा. वर्मगिअर (स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर) असलेल्या ॲक्सलची, उदाहरणार्थ प्यूजो ४०४ची, तेलाची गरज वेगळी असते; तिथे हाताशी आहे ते तेल भरू नये.

पहिली फेरी वीसेक किलोमीटरची, शांत गतीने करा. थांबल्यावर ब्रेक फार न वापरता आला असाल तर दोन्ही हबांजवळ हात नेऊन ऊब पाहा. कोमट असणे स्वाभाविक आहे. एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्टपणे गरम लागली तर ती ब्रेकची आहे की बेअरिंगची, याचा तपास लागेपर्यंत पुढे जाऊ नका. निमुळत्या हबचा नट पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर कॉटर पिन काढून पुन्हा टॉर्क पान्याने तपासा; नवा हब थोडा आत सरकलेला असतो. नवा शाफ्ट बसवल्याची तारीख आणि किलोमीटरचा आकडा गाडीच्या वहीत लिहा, आणि उतरवलेला जुना शाफ्ट जपून ठेवायचा असेल तर तो कोणत्या बाजूचा आहे हे त्याच्यावर रंगाने लिहून ठेवा.